प्रकाश आणि वीज यांचे नाते शोधणारा अध्यापक : जॉन केर

१९०७ हे वर्ष स्कॉटलंडच्या विज्ञानविश्वातून दोन माणसांना घेऊन गेले. त्यांपैकी एक होते लॉर्ड केल्व्हिन. डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या समाधीशेजारी विसावा मिळाला. दुसरे गृहस्थ त्याआधी चार महिने, ऑगस्टमध्ये, ग्लासगो येथे गेले. त्यांचे नाव जॉन केर. दोघांचा जन्म एकाच वर्षातला, १८२४ चा. केल्व्हिन जूनमधले, तर केर १७ डिसेंबरचे. एक गुरू आणि दुसरा शिष्य, असे या समवयस्कांचे नाते होते. गुरूला सरदारकी मिळाली, जगभर कीर्ती मिळाली. शिष्याने चव्वेचाळीस वर्षे एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात गणित शिकवले. परंतु आज पदार्थविज्ञानाचे कोणतेही मोठे पाठ्यपुस्तक उघडले तर त्यात 'केर परिणाम' हे शब्द सापडतात, आणि अतिवेगवान लेसरच्या प्रयोगशाळांत तर या अध्यापकाचे नाव रोजच्या बोलण्यात असते.

विद्युत्‌क्षेत्रामुळे पारदर्शक पदार्थाचे, विशेषतः द्रवाचे, प्रकाशविषयक गुणधर्म बदलतात, हे केर यांनी १८७५ मध्ये सिद्ध केले. मायकेल फॅरडे यांच्यासारख्या थोर प्रयोगकर्त्यालाही जे दिसले नव्हते, ते या मास्तरांना दिसले. ते कसे दिसले आणि दिसल्यानंतर त्यांनी काय केले, हे समजून घेण्यासारखे आहे.

मासळी व्यापाऱ्याचा मुलगा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एअरशायर परगण्यात आर्ड्रोसन नावाचे बंदर आहे. तेथे थॉमस केर या मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी जॉन यांचा जन्म झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण वायव्येकडील स्काय बेटावरच्या एका खेडेगावातील शाळेत झाले. १८४१ मध्ये त्यांनी ग्लासगो विद्यापीठात प्रवेश घेतला.

१८४६ मध्ये या विद्यापीठात एक महत्त्वाची घटना घडली. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकपदी अवघ्या बावीस वर्षांच्या विल्यम थॉमसन यांची निवड झाली. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. विद्यार्थ्यांनी नुसती व्याख्याने ऐकू नयेत, स्वतः उपकरणे हाताळून मोजमाप करावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ब्रिटनच्या विद्यापीठांत ही कल्पना नवीनच होती. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतील, एकेकाळी दारू साठवण्यासाठी वापरले जाणारे तळघर त्यांनी या कामासाठी घेतले. विद्यार्थी त्याला गमतीने कोळशाची कोठी म्हणत. तेथे अगदी आरंभीच्या काळात राबलेल्या विद्यार्थ्यांत केर होते. १८४९ मध्ये ते पदवीधर झाले, तेव्हा गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांतील सर्वांत गुणवान विद्यार्थी म्हणून त्यांना पारितोषिक मिळाले.

असा विद्यार्थी थेट संशोधनाकडे वळेल, असे आज आपल्याला वाटते. परंतु त्या काळी संशोधन हा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. केर धर्मशास्त्राकडे वळले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमध्ये मोठी फूट पडली होती. धर्मकारभारात सत्तेचा हस्तक्षेप नको, या भूमिकेवरून शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. या चर्चच्या एडिंबरा येथील महाविद्यालयात केर यांनी धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मात्र धर्मोपदेशकाचे काम त्यांनी कधी केले नाही. १८५७ मध्ये ग्लासगो येथील फ्री चर्चच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात ते गणिताचे व्याख्याते झाले, आणि १९०१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

भावी शाळामास्तरांना गणित शिकवणे हे त्यांचे काम. १८६७ मध्ये त्यांनी यामिकीवर एक प्राथमिक पाठ्यपुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये मेट्रिक मापनपद्धती यावी, असा पुरस्कार करणाऱ्या आरंभीच्या लोकांतही ते होते. मापनाविषयीची ही आस्था त्यांच्या पुढच्या कामात पदोपदी दिसते. महाविद्यालयाकडून संशोधनाची अपेक्षा नव्हती, तशा सोयीही नव्हत्या. केर यांनी तेथेच एक छोटी प्रयोगशाळा मांडली आणि अध्यापनातून उरलेला वेळ तिला दिला.

फॅरडे जेथे थांबले

केर यांनी हाती घेतलेला प्रश्न मोठा होता. वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांच्यात आतून काही नाते आहे काय? फॅरडे यांची तशी दृढ श्रद्धा होती. १८४५ मध्ये त्यांनी तिला प्रयोगाचा आधार दिला. शिसेयुक्त जड काचेतून ध्रुवित प्रकाश जात असताना तिच्याभोवती प्रबळ चुंबकक्षेत्र निर्माण केले, तर प्रकाशाच्या कंपनांचे प्रतल फिरते, असे त्यांना आढळले. चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे सिद्ध झाले. मग विजेचा का होऊ नये? फॅरडे यांनी त्यासाठी १८३४ मध्ये आणि पुन्हा १८४५ मध्ये प्रयत्न केले. परंतु त्यांच्या पदरी निराशाच आली.

पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी प्रकाश ही विद्युत्‌चुंबकीय लहरच आहे, असा सिद्धांत मांडला. १८७३ मध्ये त्यांचा या विषयावरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. तथापि त्या वेळी हा सिद्धांत सर्वमान्य नव्हता. विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवणारे हर्ट्‌झ यांचे प्रयोग अजून पंधरा वर्षे दूर होते. अशा काळात स्थिर विद्युत्‌क्षेत्राचा प्रकाशावर थेट परिणाम होतो की नाही, या प्रश्नाला केवळ कुतूहलाचे मोल नव्हते. प्रकाशाच्या स्वरूपाविषयीच्या वादात तो एक साक्षीदार ठरणार होता.

केर यांच्या प्रयोगाची मांडणी समजण्यासाठी ध्रुवित प्रकाश म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. साध्या प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाला काटकोनात असलेल्या सर्व दिशांना होतात. एडिंबराच्या विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये तयार केलेल्या लोलकातून प्रकाश गेला, की त्यातील एकाच दिशेची कंपने उरतात. हा झाला ध्रुवित प्रकाश. त्याच्या वाटेत पहिल्याशी काटकोनात दुसरा निकोल लोलक ठेवला, तर प्रकाश अडतो आणि डोळ्यांपुढे अंधार होतो. आता या दोन लोलकांमध्ये एखादा पारदर्शक पदार्थ ठेवला आणि अंधार कायम राहिला, तर तो पदार्थ सर्व दिशांनी सारखा आहे. अंधार उजळला, तर त्या पदार्थाने प्रकाशात काही फेरबदल केला आहे. काच दाबली किंवा ताणली तर असा उजेड दिसतो, हे डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने शतकाच्या आरंभीच्या काळातच दाखवले होते. ताणलेल्या काचेत ताणाच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश आणि तिला काटकोनात कंप पावणारा प्रकाश यांचे वेग वेगवेगळे होतात. यालाच दुहेरी अपवर्तन म्हणतात.

काचेचा ठोकळा आणि अर्धे मिनिट

केर यांनी जाड काचेचा एक ठोकळा घेतला. त्याच्या दोन्ही टोकांकडून आत भोके पाडली आणि मध्ये थोडी काच शिल्लक ठेवली. भोकांत तारा घालून त्या प्रवर्तन वेटोळ्याला, म्हणजे अतिशय उच्च दाबाची वीज देणाऱ्या उपकरणाला, जोडल्या. तारांच्या टोकांमधील त्या छोट्याशा जागेत तीव्र विद्युत्‌क्षेत्र निर्माण होणार होते. ठोकळा दोन काटकोनी निकोल लोलकांमध्ये ठेवला. डोळ्यांपुढे अंधार होता. वीज सुरू केली, आणि त्या अंधारात हळूहळू उजेड उमटू लागला.

उजेड पूर्ण तेजाला पोहोचण्यास सुमारे अर्धे मिनिट लागे. वीज काढून घेतली की तो त्याहूनही सावकाश मावळे. दुसरा लोलक किंचित फिरवून केर यांनी हा उजेड घालवता येतो काय, हे पाहिले, तो जाईना. म्हणजे फॅरडे यांच्या प्रयोगाप्रमाणे येथे कंपनांचे प्रतल नुसते फिरलेले नव्हते. प्रकाशाची कंपने विद्युत्‌क्षेत्राशी पंचेचाळीस अंशांचा कोन करतील तेव्हा परिणाम सर्वाधिक असे, आणि ती क्षेत्राला समांतर किंवा काटकोनात असली तर काहीच दिसत नसे. ही सारी लक्षणे दुहेरी अपवर्तनाची होती.

शोध लागला होता. परंतु त्यात एक शंका राहत होती, आणि ती अर्ध्या मिनिटाच्या विलंबात होती. विजेमुळे काच तापली असेल किंवा तिच्यात यांत्रिक ताण निर्माण झाला असेल, तर ब्रूस्टर यांच्या प्रयोगासारखाच उजेड दिसणार. मग हा विजेचा थेट परिणाम कसा म्हणायचा?

या प्रश्नाचे उत्तर द्रवांकडे होते. द्रव ताणून धरता येत नाही. घनपदार्थाप्रमाणे त्यात स्थिर ताण साठून राहत नाही. केर यांनी काचेच्या पेटीत कार्बन डायसल्फाइड हा द्रव भरला आणि त्यात विजेची टोके ठेवली. वीज सुरू होताच उजेड तत्काळ आला आणि बंद होताच तत्काळ गेला. अर्ध्या मिनिटाचा विलंब उरला नाही. बेंझीन, पॅराफिन तेल, टर्पेंटाइन असे द्रव त्यांनी एकामागून एक तपासले. हे निष्कर्ष 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या नियतकालिकात १८७५ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या अंकांत प्रसिद्ध झाले. पहिला लेख घनपदार्थांविषयी होता, दुसरा द्रवांविषयी. केर तेव्हा पन्नाशी ओलांडत होते.

मोजमापाची तपश्चर्या

नवा परिणाम दिसणे आणि तो सर्वांनी मान्य करणे यांत अंतर असते. इतर काही प्रयोगकर्त्यांना काचेतला हा परिणाम दिसला नाही, आणि शंका घेतल्या गेल्या. जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी १८८० च्या सुमारास द्रवांवर प्रयोग करून केर यांचे म्हणणे खरे असल्याचे दाखवले. क्ष-किरणांच्या शोधासाठी पुढे जगप्रसिद्ध झालेले राँटगेन ते हेच. केर यांनी मात्र वादात वेळ घालवला नाही. त्यांनी मोजण्यास सुरुवात केली.

हे मोजमाप किती नाजूक आहे, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. कार्बन डायसल्फाइडचा दहा सेंटीमीटर लांबीचा थर घेतला, त्याच्या दोन बाजूंना अर्धा सेंटीमीटर अंतरावर धातूचे पत्रे ठेवले आणि त्यांना दहा हजार व्होल्टचा दाब दिला, तर दोन दिशांच्या कंपनांत पडणारे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे असते. म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. त्यातच द्रव वीज वाहून नेणारा असला तर क्षेत्र टिकत नाही आणि द्रव तापतो. त्यात धुळीचे कण किंवा धागे असले तर ते विजेने खेचले जाऊन भोवरे करतात आणि सारे दृश्य बिघडते. त्यामुळे द्रव शुद्ध करणे हा या कामातला अर्धा खटाटोप असतो.

एवढे सूक्ष्म अंतर मोजण्यासाठी केर यांनी वापरलेली युक्ती साधी होती. प्रकाशाच्या वाटेत काचेची एक पट्टी धरायची आणि ती ताणायची किंवा दाबायची. विजेने द्रवात जेवढे अंतर पाडले, तेवढेच उलट अंतर पट्टीने पाडले, की पुन्हा अंधार होतो. तो अंधार परत आणण्यासाठी पट्टीला किती ताण द्यावा लागला, हेच विजेच्या परिणामाचे माप. या पद्धतीने परिणामाची दिशाही कळत असे. कार्बन डायसल्फाइड विजेच्या क्षेत्रात जणू क्षेत्ररेषांच्या दिशेने ताणलेल्या काचेप्रमाणे वागते, तर काही वनस्पतिज तेले त्या दिशेने दाबलेल्या काचेप्रमाणे वागतात, असे त्यांना आढळले. अशा रीतीने द्रवांचे धन आणि ऋण असे दोन वर्ग पडले.

१८८० मध्ये त्यांनी या परिणामाचा नियम मांडला. दोन कंपनांत पडणारे अंतर विद्युत्‌क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते. क्षेत्र दुप्पट केले तर परिणाम चौपट, तिप्पट केले तर नऊपट. वर्गाचा नियम असल्यामुळे धन आणि ऋण टोकांची अदलाबदल केली तरी परिणाम बदलत नाही. प्रत्येक द्रवासाठी या नियमातला गुणक वेगळा असतो. त्यालाच आज त्या द्रवाचा केर स्थिरांक म्हणतात.

दरम्यान, १८७६ मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले होते. तेथे केर यांनी आपला दुसरा शोध जाहीर केला. विद्युत्‌चुंबकाच्या लोखंडी टोकाला आरशासारखी चकाकी देऊन त्यावरून ध्रुवित प्रकाश परावर्तित केला, तर चुंबकत्वामुळे त्याच्या कंपनांचे प्रतल किंचित फिरते. अवघ्या दोन वर्षांत लागलेले हे दोन्ही शोध आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. १८९० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले आणि १८९८ मध्ये रॉयल पदक देऊन त्यांचा गौरव केला. या सन्मानांनी त्यांचा दिनक्रम बदलला नाही. ते त्याच महाविद्यालयात गणित शिकवत राहिले.

रेणूंच्या शिस्तीची गोष्ट

असे का घडते, याचे उत्तर मिळण्यास केर यांच्या निधनानंतरचा काळ उजाडावा लागला. १९१० मध्ये पॉल लांझव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि पुढे मॅक्स बॉर्न यांनी त्याची उपपत्ती दिली. द्रवातील रेणू सर्व दिशांना अस्ताव्यस्त विखुरलेले असतात. प्रत्येक रेणू लांबट किंवा चपटा असला, तरी सर्वांची सरासरी काढता द्रव चहूबाजूंनी सारखाच दिसतो. विद्युत्‌क्षेत्र लावले की रेणू त्याच्या दिशेला किंचित कलतात. उष्णतेमुळे होणारी धावपळ त्यांना पुन्हा विस्कटू पाहते. या ओढाताणीत अगदी थोडी शिस्त शिल्लक राहते, आणि तेवढी शिस्त प्रकाशाला पुरते.

या विषयाला भारतीय हातही लागले आहेत. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२७ मध्ये कलकत्त्यात द्रवांतील विद्युतीय आणि चुंबकीय दुहेरी अपवर्तनाचा सिद्धांत मांडला. रेणू प्रकाश कसा विखुरतात, याच्या अभ्यासातून त्यांच्या आकाराची विषमता कळते आणि तीच विषमता केर स्थिरांकातही उतरते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२८ मध्ये, द्रवांतील प्रकाशविखुरणाच्या याच अभ्यासातून रामन परिणामाचा शोध लागला.

पापणी लवण्याच्याही आत

केर परिणामाचा सर्वांत उपयोगी गुण म्हणजे त्याची तत्परता. १८९९ मध्ये आब्राम आणि लेमॉईन या फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की कार्बन डायसल्फाइडमधील परिणाम वीज जाताच सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाहूनही कमी वेळात नाहीसा होतो. म्हणजे काटकोनी लोलकांमध्ये ठेवलेली द्रवाची पेटी ही प्रकाशाची विजेवर चालणारी झडप झाली, आणि कोणत्याही यांत्रिक झडपेला असा वेग साधणे शक्य नव्हते. नायट्रोबेंझीनमध्ये हा परिणाम कार्बन डायसल्फाइडच्या कित्येक पटींनी प्रबळ असल्याने अशा पेट्यांत तेच भरले जाऊ लागले. हा द्रव विषारी, आणि त्याला लागणारा दाब हजारो व्होल्टचा; पण त्याला तोड नव्हती.

जर्मनीतील लाइपझिग येथे ऑगस्ट कारोलस यांनी १९२० च्या दशकात दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या प्रयोगांत केर पेटी वापरली. तिच्याच साहाय्याने कारोलस आणि मिटेलस्टेट यांनी १९२८ मध्ये प्रकाशाचा वेग मोजला. त्यांना मिळालेला आकडा सेकंदाला २,९९,७७८ किलोमीटर होता. आज निश्चित केलेला आकडा २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. अतिवेगवान छायाचित्रणातही केर पेटीने अनेक वर्षे झडपेचे काम केले. १९६२ मध्ये अमेरिकेत मॅक्लंग आणि हेलवर्थ यांनी माणिक लेसरमध्ये ही पेटी बसवली. लेसरची ऊर्जा क्षणभर अडवून मग एकदम मोकळी सोडण्याची ही युक्ती होती. तिच्यामुळे लेसरचे प्रचंड शक्तीचे स्पंद मिळू लागले.

पुढे आणखी एक पायरी गाठली गेली. प्रकाशातही विद्युत्‌क्षेत्र असतेच. तो पुरेसा तीव्र असेल, तर बाहेरून वीज न लावताही तो स्वतःच पदार्थाचा अपवर्तनांक बदलू शकतो. १९६४ मध्ये द्रवांत हे प्रत्यक्ष दिसले. १९९१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात विल्सन सिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम-नीलम लेसरमध्ये याच गुणाच्या आधारे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही कितीतरी लहान स्पंद मिळवले. ज्या देशात केर यांनी काचेच्या ठोकळ्यात उजेड पाहिला, त्याच देशात त्यांच्या शोधाला हे नवे रूप लाभले. केर यांच्या दुसऱ्या शोधानेही आपली जागा मिळवली. चुंबकीय-प्रकाशीय तबकड्यांवर साठवलेली माहिती वाचण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस तो वापरला गेला, आणि चुंबकीय पदार्थांच्या पातळ थरांचा अभ्यास करण्यासाठी आजही वापरला जातो.

केर यांना यांपैकी काहीही पाहता आले नाही. त्यांच्या हयातीत या परिणामाचा व्यवहारात म्हणावा असा उपयोग झाला नव्हता. मासळीच्या व्यापाऱ्याच्या या मुलाजवळ विद्यापीठातले आसन नव्हते की मोठी प्रयोगशाळा नव्हती. वर्ग संपल्यावर उरणारा वेळ, काही लोलक, काचेच्या पट्ट्या आणि द्रवाच्या पेट्या एवढीच त्यांची सामग्री. फॅरडे यांच्या अपयशाने जो प्रश्न मिटला असे कोणालाही वाटले असते, तो त्यांनी मिटलेला मानला नाही. उत्तर मिळाल्यावरही ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याला मापाची जोड देऊन नियमाच्या रूपात त्यांनी ते पुढच्या पिढ्यांच्या हाती ठेवले. केल्व्हिन यांची समाधी पाहण्यासाठी वेस्टमिन्स्टरला जावे लागते. त्यांच्या या समवयस्क शिष्याचे स्मारक मात्र एका स्थिरांकाच्या रूपाने द्रवांच्या गुणधर्मांच्या प्रत्येक कोष्टकात नोंदलेले आहे.